डुकरांची राखण: माळा, फासकी, करंट आणि झटका मशीन



मागच्या गुरुवारी रात्री आमच्या तरव्यात डुकरं घुसली. पाच गुंठ्यांचा तरवा, म्हणजे सव्वा एकराची लावणी. रोहिणीत धूळवाफेवर पेरलेला, पहिल्या दोन पावसांत छान बोटभर वर आलेला. सकाळी बघतो तर अर्धा वाफा कुणीतरी बैल न लावता नांगरून ठेवल्यासारखा. डुक्कर तरवा खात नाही म्हणून काहीजण निश्चिंत असतात. तरवा खात नाहीच तो. त्याला हवीत खालची गांडुळं आणि हुमणीच्या अळ्या. त्यासाठी नाक जमिनीत घालून तो सरळ पुढे चालत जातो, आणि मागे जे उरतं ते आपण गोळा करायचं.

खुरांवरून अंदाज काढला. दोन मोठ्या माद्या आणि सात-आठ पिल्लं. नर बहुधा नव्हता, तो एकटाच फिरतो.

पंचवीस किलो बियाणं पुन्हा कुठून आणायचं या विचारात बांधावर बसलो होतो, तेव्हा आजोबांचा माळा आठवला. तिथून एकेक आठवत गेलं. आमच्या या खोऱ्यात शंभरेक वर्षांत डुकराला आवरायला माणसाने काय काय केलं, त्यातलं काय टिकलं, काय अंगावर आलं, ते एकदा नीट लिहून ठेवतो. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

आजोबांच्या वेळी राखण हे वर्षाच्या कामातलं एक काम होतं, नांगरणी-लावणीसारखंच. भात पोटरीत आलं की शेताच्या कोपऱ्यावर माळा उभा राहायचा. चार मेढी, वर बांबूची ताटी, त्यावर पेंढा आणि झापांचं छप्पर. खाली आगटी. घरटी एक माणूस रात्री माळ्यावर. हाताशी गोफण, पत्र्याचा डबा आणि घसा. एका माळ्यावरून आरोळी आली की पलीकडच्या माळ्यावरून तिला जबाब जायचा, आणि अख्खा मळा जागा आहे हे डुकराला कळायचं. खरी राखण ती होती. एकट्या माणसाच्या डब्याला डुक्कर चार दिवसांत सरावतो. दहा बाजूंनी, वेळीअवेळी येणाऱ्या आवाजाला तो सरावत नाही.

आजोबा म्हणायचे, "डुकर तुका बघूक नाय, तुझो वास घेता. आधी वारो बघ." डुकराची नजर बेताचीच. नाक आणि कान मात्र असे की आपण कल्पना करू शकत नाही. आजही कुणी कॅमेरा किंवा बुजगावणं लावायला निघाला की मला हे वाक्य आठवतं. बुजगावणं हा डोळ्यांना दाखवायचा उपाय, आणि समोरचा जातो नाकाने.

राखणीच्या जोडीला पारध. भात कापून झालं, रान सुकलं की गावाची पारध निघायची. एका बाजूने हाकारे रान उठवत येणार, दुसऱ्या बाजूला ठरलेल्या वाटांवर बंदूकवाले बसणार. वाटा पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेल्या. डुक्कर आपली वाट सहसा सोडत नाही. पडलेल्या डुकराचे वाटे पडायचे. ज्याची गोळी लागली त्याला मानाचा वाटा, हाकाऱ्यांना वाटा, कुत्र्याच्या मालकाला वेगळा, आणि ज्याच्या शेताचं नुकसान जास्त त्यालाही. म्हणजे नुकसानभरपाईच, फक्त ताबडतोब आणि कागदाशिवाय. हे मी कौतुकाने सांगतोय असं समजू नका. त्या पारधीत भेकर, ससा, मोर, जे समोर येईल ते जायचं. कशाचाही हिशेब नव्हता.

बंदूक बहुतेकांकडे ठासणीची. वरून दारू, चिंध्या, छर्रे ठासायचे आणि देवाचं नाव घेऊन चाप ओढायचा. पावसात दारू ओली झाली की ती काठीपेक्षा निरुपयोगी. पण एवढ्या ठासणीच्या बंदुका आपल्याकडेच का, याला कारण आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी देशातली हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार ठेवणं गुन्हा झालं. शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळायचा, पण मिळायची ती साधी बंदूक. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, त्यातही ही समज राहिली. त्याच्या तेराव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक द्यावी. आमच्या जिल्ह्यात ज्याला आपण 'शेतीसंरक्षक बंदूक' म्हणतो, तिचं मूळ हे.

ही बंदूक दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, ते तुम्हाला सांगायला नको. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. एखादी निवडणूक पिकाच्या ऐन हंगामात आली की बंदूक आत आणि डुकरं शेतात.

आता जरा मागे जातो, कारण डुकराचा मान एकेकाळी फार मोठा होता. बदामीच्या चालुक्यांचं राजचिन्ह वराह. त्यांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवर डुक्कर आहे, आणि महाराष्ट्राचा मोठा भाग त्यांच्या सत्तेखाली होता. दक्षिणेतल्या सोन्याच्या नाण्याचं नावच वराह, आपल्याकडे त्याला होन म्हणत. विष्णूने वराह होऊन पृथ्वी सुळ्यावर उचलली ही कथा सगळ्यांना माहीत. आमच्या शेतात ते काम अजून चालू आहे.

इंग्रजांना डुकराचं वेगळंच वेड. घोड्यावर बसून भाल्याने डुक्कर मारणं हा त्यांचा मोठा खेळ. मेरठच्या बाजूला त्यासाठी 'कादिर कप' नावाची स्पर्धा चालायची. स्काउट चळवळीचे बेडन-पॉवेल यांनी तर या खेळावर १८८९ मध्ये पुस्तक लिहिलं. जिथे घोडा पळू शकतो तिथे डुकरावर गोळी झाडणं त्या मंडळींत हलकटपणा समजला जाई. आमच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर आणि चोंढ्यांत घोडा कसला पळतोय. कोकणातल्या डुकराला भाल्याचा मान मिळाला नसावा, त्याच्या नशिबी ठासणीची बंदूकच.

पण त्याच सरकारने दुसरं एक काम केलं, ज्याचा परिणाम जास्त खोल गेला. वाघ, बिबटे, लांडगे, रानकुत्रे मारले की बक्षीस. रानकुत्र्यांवर, म्हणजे आमच्या कोळसुंद्यांवर, तर १९७२ चा कायदा येईपर्यंत देशात ठिकठिकाणी बक्षिसं चालू होती. डुकराची पिल्लं खाणारे, कळपाला एका जागी न टिकू देणारे प्राणी हेच. पैसे देऊन आपणच ते कमी केले. मोठं डुक्कर मारायला वाघ लागतो, बिबट्या सहसा पिल्लांवर आणि मध्यम जनावरावर जातो. आमच्या खोऱ्यात वाघ आता कधीतरी, घाटावरून उतरलाच तर.

कायद्याचं पुढचं पान सगळ्यांना अर्धवट माहीत असतं, म्हणून नीट सांगतो. मुंबई राज्यात १९५१ मध्ये वन्यप्राणी संरक्षणाचा एक कायदा झाला होता, पण गावात त्याची फारशी खबर नव्हती. खरा बदल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. सुरुवातीला त्यात शिकारीच्या परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. रानडुक्कर बरीच वर्षं तिसऱ्या परिशिष्टात होतं. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली आणि ते दुसऱ्यात गेलं.

पण डुकराला कधीच हात लावता येत नाही, हेही खरं नाही. अकराव्या कलमात लिहिलंय की असा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका झाला, तर वनखात्याचा अधिकृत अधिकारी मारायची लेखी परवानगी देऊ शकतो, आणि कंसात 'उभ्या पिकासह' हे शब्द आहेत. जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे मारलं तर गुन्हा नाही, पण हे फक्त माणसाच्या जिवासाठी, पिकासाठी नाही. दुसरी वाट बासष्टाव्या कलमाची. केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी एखादा प्राणी उपद्रवी जाहीर करू शकतं. डिसेंबर २०१५ मध्ये बिहारमध्ये रोही आणि रानडुक्कर, २०१६ मध्ये उत्तराखंडमध्ये रानडुक्कर असं जाहीर झालं होतं. केरळने हेच पुन्हा पुन्हा मागितलं, मिळालं नाही. मग त्यांनी २०२२ मध्ये दुसरा रस्ता काढला. ग्रामपंचायतीच्या अध्यक्षालाच मानद वन्यजीव रक्षकाचे अधिकार दिले, म्हणजे परवानगी गावातच. महाराष्ट्रानेही २०१५ मध्ये रोही आणि डुकराच्या परवानगीची वाट थोडी सोपी केली. कागदावर सोपी. रात्री दोनला डुक्कर शेतात असताना अर्ज करायला कोण जातो?

आणखी एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, आमिष टाकणं, अगदी हाकणंसुद्धा त्यात येतं. तेव्हा 'मी मारत नाही, फक्त पिंजऱ्यात धरून लांब सोडतो' असं म्हणणारा माणूसही परवानगीशिवाय गुन्हाच करत असतो. हे मी घाबरवायला नाही सांगत. मोबाईलवर परदेशी सापळ्यांचे व्हिडिओ बघून वेल्डिंगवाल्याकडे जाणारे दोघेजण मला माहीत आहेत, म्हणून सांगतो.

तरी सगळा दोष कायद्यावर टाकणं मला पटत नाही. आमच्या वाडीचंच बघा. माझ्या लहानपणी समोरच्या मळ्यात सगळी शेतं लागलेली असायची. आज निम्मी पड. माणसं मुंबईला गेली, ती गणपतीला आणि शिमग्याला येतात. कोकणातून गिरणीत जाणं जुनंच, पण तेव्हा घरचं कुणीतरी मागे राहायचं आणि शेत लागायचं. आता घरच बंद. पड जमिनीवर रानमोडी आणि घाणेरी इतकी माजली की दिवसाढवळ्या दहा डुकरं आत झोपली तरी बाहेरून दिसत नाहीत. पूर्वी रान आणि शेत यांच्यात चराऊ कुरण असायचं, गुरं असायची, गुराखी असायचा. डुकराला उघड्यावरून यावं लागायचं. आता जंगल संपतं तिथे रानमोडी, रानमोडी संपते तिथे माझा बांध. आत झोपायला जागा, लोळायला व्हाळाचा चिखल, खायला काजूची बोंडं, सुरण, कणगर, भात. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही, त्यामुळे चिखल आणि सावली त्याला अन्नाइतकीच लागते. दोन्ही आपण फुकट पुरवली.

वाढीचा वेगही लक्षात घ्या. जुनी माणसं सांगतात, डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी वितेे. शास्त्राचा हिशेब तोच, ११४-११५ दिवस. एका वेळी चार-सहा पिल्लं. खाणं भरपूर असेल तर त्यातली जास्त जगतात. वर्षाला गावाने दोन-चार डुकरं मारली तर या गणिताला धक्कासुद्धा लागत नाही.

माळे गेले, जागणारी माणसं गेली, तेव्हा त्या जागी काय आलं? आधी फासकी. तशी ती जुनीच, फासेपारध्यांची फासे लावायची कला तर पिढीजात आणि त्यांच्या पोटाशी बांधलेली. पण नवीन फासकी दुचाकीच्या क्लच वायरची आली. स्वस्त, तुटत नाही, कुणालाही लावता येते. डुकराच्या वाटेवर कुंपणाच्या भगदाडात लावायची आणि घरी येऊन झोपायचं. डुकराची वाट तीच बिबट्याचीही वाट. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फासकीत बिबट्या अडकल्याची बातमी वर्षातून किती वेळा येते ते तुम्ही वाचताच. बिबट्या पहिल्या परिशिष्टात. डुकरासाठी लावलेल्या तारेपायी माणूस कोर्टाच्या फेऱ्या मारत बसतो, आणि डुकराची पिल्लं खाणारा मरतो तो वेगळाच.

मग गावठी बॉम्ब, पिठाच्या गोळ्यात. त्याने गाईंचे जबडे उडालेले मी पाहिलेत. त्याबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

आणि करंट.

हे लिहावं की नाही यावर दोन दिवस विचार केला. २०११ मध्ये मीही तार लावली होती. वरच्या खांबावरून आकडा, बांधावर हातभर उंचीच्या काठ्या, त्यावरून उघडी तार. घरात आईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. दोन रात्री लावली. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, तार काढ नाहीतर मी जाऊन तिला हात लावते. काढली. तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू. भुईमूग होता तेव्हा, सगळा गेला.

पुढच्या वर्षी जूनमध्ये, आमच्यापासून दोन मळे पलीकडे, दुसऱ्या एकाने तशीच तार तरव्याभोवती लावली. पहिला मोठा पाऊस पडला. पहिल्या पावसाच्या रात्री आमच्याकडे कोण घरात बसतो? बत्त्या घेऊन सगळे चढणीचे मासे आणि कुर्ल्या पकडायला व्हाळावर. खालच्या वाडीतला एकजण, माझ्याबरोबर शाळेत होता, मासे मारत मारत बांधावर चढला. सकाळी सापडला. हातात बत्ती तशीच होती. त्याची मोठी मुलगी तेव्हा चौथीत होती.

ज्याने तार लावली तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला, जमिनीचा तुकडा विकून वकील केला. दोन्ही घरं एकाच देवळात पालखीला येतात, अजूनही बोलत नाहीत. मी त्या बांधावरून जातो तेव्हा मला दर वेळी माझ्या त्या दोन रात्री आठवतात. पाऊस बारा महिने अलीकडे पडला असता तर, एवढंच.

आता जरा अमेरिकेत जाऊ. लांबचा विषय वाटेल, पण आहे आपल्या कामाचा. सापळ्याचे व्हिडिओ तिकडूनच येतात. पहिली गोष्ट, तिथे डुक्कर मूळचं नाहीच. कोलंबस १४९३ च्या फेरीत कॅरिबियन बेटांवर डुकरं घेऊन गेला. दे सोतो नावाचा स्पॅनिश सरदार १५३९ मध्ये फ्लोरिडात उतरला तेव्हा बरोबर तेरा डुकरिणी होत्या असं सांगतात, आणि तीन वर्षांनी तो मेला तेव्हा कळप सातशेच्या घरात गेलेला. पुढे वसाहतवाले डुकरं मोकळीच सोडायचे. १९१२ मध्ये उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरात एका श्रीमंत माणसाने शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं आणून कुंपणात ठेवली, ती काही वर्षांनी निसटली आणि गावठी डुकरांत मिसळली. आज तिथे साठ लाखांवर डुकरं आहेत, किमान ३५ राज्यांत. तिथल्या कृषी खात्याच्या अंदाजाने शेतीचं नुकसान वर्षाला अडीच अब्ज डॉलरच्या घरात. आपलं रानडुक्कर इथलंच, रानाचा भाग. 'तिकडे संपवतात मग आपण का नाही' असं म्हणताना हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

पण त्यांनी केलेल्या चुका आपण फुकटात शिकू शकतो. टेनेसी राज्याने १९९९ मध्ये डुकरांची शिकार राज्यभर खुली केली, कितीही मारा. वाटलं, संपतील. झालं उलटंच. आधी पंधराएक जिल्ह्यांत असलेली डुकरं ९५ पैकी ऐंशीच्या आसपास जिल्ह्यांत पोचली. कारण शिकाऱ्यांना शिकार हवी होती, म्हणून लोकांनीच डुकरं गाडीत घालून नव्या ठिकाणी सोडली. २०११ मध्ये राज्याने ती खेळाची शिकार बंद केली आणि जमीनमालकाला नियंत्रणासाठी मोकळीक दिली. जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर २००७-०८ मध्ये एका शेपटीला ४० डॉलर बक्षीस लावलं. अकराशेवर शेपट्या जमा झाल्या, सत्तावन्न हजार डॉलर गेले. अभ्यासकांनी मोजलं तर डुकरं कमी झालेलीच नव्हती. शिकाऱ्यांनी टाकलेलं आमिष खाऊन उरलेली धष्टपुष्ट झाली असावीत, आणि काही शेपट्या तळाबाहेरून, खाटकाकडून आल्या असाव्यात असाही संशय.

मग तिथे एक गोष्ट पक्की होत गेली, ती म्हणजे अख्खा कळप धरायचा, नाहीतर धरूच नका. माद्या आणि पिल्लांचा कळप एकत्र असतो. लहान पिंजऱ्यात दोन पिल्लं सापडली की बाकीची ते बघतात आणि पुन्हा पिंजऱ्याजवळ येत नाहीत. म्हणून मोठं गोल कुंपण उभं करतात, दार उघडं ठेवून आठवडा-दोन आठवडे मका टाकतात आणि कॅमेऱ्यावर मोजतात. कळपात नऊ असतील तर नऊ आत आल्याशिवाय दार पाडत नाहीत. ओक्लाहोमातल्या नोबल संस्थेने तर वर टांगलेला गोल सापळा केला, मोबाईलवरून खाली सोडायचा. युक्ती लोखंडात नाही, थांबण्यात आहे. आपल्याकडे वनखात्याची परवानगी आणि वनखात्याचीच माणसं घेऊन असं काम एखाद्या खोऱ्यात करून बघायला हरकत नाही असं माझं मत आहे. एकट्या शेतकऱ्याने मात्र त्या वाटेला जाऊ नये.

आम्ही स्वतः काय केलं ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी लागून शेतं असलेले सातजण एकत्र आलो आणि सौर झटका मशीन घेतलं. करंट आणि झटका यांत अजून पुष्कळांचा गोंधळ होतो. घरची वीज २३० व्होल्ट, पण सलग. हात आखडतो, सुटत नाही, माणूस मरतो. झटका मशीन हजारो व्होल्ट देतं पण सेकंदाला साधारण एकदा, तेही सेकंदाच्या अगदी बारीक तुकड्यापुरतं. जोरात बसतं आणि सुटतं. म्हणून झटक्याच्या तारेला घरची वीज थेट जोडणं म्हणजे परत तीच तार. मशीन चांगल्या कंपनीचं, प्रमाणित घ्या. अनुदान मिळत असेल तर कृषी सहाय्यकाला आणि वनरक्षकाला विचारा.

डुकरासाठी खालची तार महत्त्वाची. जमिनीपासून वीतभर. वर ठेवली तर तो खालून नाक घालून उचलतो, आणि अंगावरच्या राठ केसांना झटका नीट लागत नाही. नाकाला लागला पाहिजे. दुसरी तार दीड-दोन फुटांवर. आणि अर्थिंग. उन्हाळ्यात जांभा सुकला की अर्थिंग मरतं, तिथे पाणी ओतावं लागतं. सातजणांनी आठवड्याचा एकेक वार वाटून घेतलाय. ज्याचा वार त्याने तारेखालचं गवत काढायचं आणि मीटरने व्होल्टेज बघायचं. म्हणजे राखणीची पाळी परत आली, फक्त माळा नाही.

नुकसान झालंच तर पंचनामा करून घ्या, कितीही कमी मिळो. वनखातं, महसूल, कृषी, तिघांचा. भरपाईचं एक दुखणं आहे. खाल्लेलं, तुडवलेलं दिसतं तेवढंच मोजतात. रात्री जागून घालवलेली झोप, डुकरांच्या भीतीने सोडून दिलेला भुईमूग, पड ठेवलेलं शेत, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वेगळी पद्धत सुचवली आहे. नुकसान मोजत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष आलेलं उत्पन्न मोजा, भागाच्या सरासरीपेक्षा जंगलाकाठी जे कमी पडतं ते भरून द्या, आणि जो मेहनतीने जास्त पिकवेल त्याला जास्त द्या. मला हे पटतं. आमच्यासारख्या सातजणांच्या गटाला तर ते चांगलंच लागू पडेल. कृषी विद्यापीठातले कुणी वाचत असतील तर त्यांनी यावर जरूर लिहावं.

तर गुरुवारी डुकरं आत आली कशी? वार माझाच होता. पहिल्या पावसात व्हाळाला पाणी आलं, वरून काटक्या आणि पाचोळा वाहत आला आणि तो सगळा खालच्या तारेला अडकून बसला. तार जमिनीला टेकली, त्या बाजूचा झटका उतरला. मी संध्याकाळी मीटर लावला तो फाटकाजवळ, मशीनच्या अगदी बाजूला. तिथे दाखवलं बरोबर. व्हाळापर्यंत चालत गेलो नाही, कारण पाऊस होता.

शुक्रवारी तार सोडवली. व्हाळावरची खालची तार आता वेगळी केलीय, मध्ये एक बटण टाकलंय, म्हणजे पूर आला की तेवढाच तुकडा बंद ठेवता येतो आणि बाकीचं कुंपण चालू राहतं. त्या फटीत जुन्या लोखंडी साखळ्या टांगल्यात, पाणी जाईल आणि डुक्कर अडखळेल अशा. टिकतात का ते पंधरा दिवसांनी कळवतो. तरव्यासाठी शेजारच्या काकींनी दहा किलो बियाणं दिलंय, उरलेलं सोमवारी संघातून आणायचं आहे. मृग चालू आहे, चिखलणी करून रहू पद्धतीने टाकलं तर लावणी आठ-दहा दिवस मागे पडेल, इतकंच.